जळगावला दिलेला तुकडा

धुळ्यात पांझरेच्या पलीकडे, देवपुरातल्या आमच्या गल्लीत, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. ज्या सकाळी येतं त्या सकाळी गल्लीतला प्रत्येक माणूस फक्त बादल्यांबद्दल बोलतो. पण आमच्यापासून तिसऱ्या घरात, यादव बैसाणे यांच्या पुढच्या खोलीत, समुद्र मात्र चोवीस तास हजर असतो. चार फूट लांब, दीड फूट रुंद, पावणेदोन फूट उंच. त्याला लाटासुद्धा आहेत, पंप बंद केला की थांबतात. वीज गेली की सर आधी समुद्राला इन्व्हर्टर देतात, मग घराला. लताबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, या क्रमाबद्दल बोलणं आता सोडून दिलंय.

बैसाणे सर हे तसे 'सर' नव्हते. चौतीस वर्षं ते इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. फळ्यावर लिहायचे ते प्राध्यापक. पण हात कसा ठेवायचा, डोळा कुठे ठेवायचा, हे मुलांना शिकवायचे ते बैसाणे. सकाळी मुलं यायच्या आत चाळीस ब्युरेटी, म्हणजे त्या उभ्या काचेच्या तोटीवाल्या नळ्या, शून्याच्या रेघेपर्यंत भरून ठेवणं हे त्यांचं काम. मुलांनी यायचं, तोटी सोडायची, पाण्याचा रंग बदलला की थांबायचं आणि द्रव कुठवर उतरला ते वाचायचं. वाचताना कोणी चुकलं की दुसऱ्या टोकाहून आवाज यायचा, "वरची कड नको वाचू. खालचा वाकडा भाग बघ. आणि आधी सुरुवातीचं वाचन लिही. भरलीय मी, पण माझ्यावर विश्वास ठेवून लिहू नको."

अशा तीस-एक बॅच गेल्यावर गावानेच त्यांना सर करून टाकलं. आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडतं. कोणी 'बैसाणे भाऊ' म्हटलं की ते ओ देतात, पण जरा उशिराने.

निवृत्तीच्या वर्षी मुलाने, प्रशीलने, त्यांना चेन्नईला नेलं. तो तिथे नोकरीला. तिथे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघितला आणि त्याच आठवड्यात प्रशीलच्या साहेबांच्या घरी काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ बघितलं. खरा समुद्र त्यांना काही फार पटला नाही. "कोणाचं लक्ष नाही त्याच्यावर," ते परत आल्यावर मला म्हणाले. "टाकीतला समुद्र बरा. मोजता येतो."

मग मोजणं सुरू झालं. गाळून गाळून जीव काढलेलं पाणी, त्यात पार्सलने आलेलं समुद्री मीठ. खारटपणा मोज, तापमान मोज, कॅल्शियम मोज. मे महिन्यात धुळं चव्वेचाळीसला तापतं तेव्हा टाकीवर दोन पंखे, आणि लताबाईंच्या हातात जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा. या सगळ्यातून एक प्रवाळ जगलं, वाढलं, त्याला फांद्या फुटल्या. तपकिरी अंग आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला वांग्यासारखा जांभळा रंग. त्याचं शास्त्रीय नाव सरांना पाठ आहे, पण लताबाईंनी पहिल्या दिवशी बघून विचारलं होतं, "हाई निवडुंग पानीमा कसं काय जगस?" तेव्हापासून ते निवडुंगच. सर चिडले होते. महिनाभराने तेही निवडुंगच म्हणायला लागले.

आता निर्मलकुमार.

निर्मलकुमार बाफना हे जळगावचे. खताचं, औषधाचं, बियाण्याचं दुकान; वर राहायचं घर. वडिलांचे आजोबा राजस्थानातून आले, पण निर्मलकुमार मराठी असं बोलतात की चोपड्याचा केळीवाला शेतकरी त्यांच्याशी घरची भांडणंसुद्धा बोलतो. शेतकरी दुकानात आला, कपाशीचं पान लाल पडलंय म्हणाला, की शेठ पान हातातही घेत नाहीत. "मॅग्नेशियम कमी पडलंय भाऊ," म्हणतात आणि पिशवी काढतात. दहापैकी आठ वेळा बरोबर निघतं.

त्यांनाही हा छंद लागला, आणि खानदेशातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवाल्यांच्या मोबाईलवरच्या गटात दोघांची ओळख झाली. गटात सात माणसं. त्यातल्या तिघांकडे टाकी नाही. ते अभिप्राय देतात.

या लोकांत एक रीत आहे. आपल्याकडचं प्रवाळ चांगलं वाढलं की त्याची एक फांदी कापून दुसऱ्या भरवशाच्या माणसाला द्यायची. देणगी म्हणून नव्हे, बियाणं म्हणून. उद्या आपल्याकडची वीज गेली, पंप जळला, आपलं मेलं, तर त्याच्याकडून तुकडा परत आणायचा. मागायला लाज नाही, नाही म्हणायला परवानगी नाही. सरांनी आदल्या वर्षीच्या दिवाळीनंतर निवडुंगाची अंगठ्याएवढी एक फांदी निर्मलकुमारांना दिली. देताना दीड तास सूचना दिल्या. निर्मलकुमारांनी हात जोडून ऐकल्या. त्या दिवशी सर इतके खुश होते की लताबाईंना म्हणाले, "माणूस बरा आहे. शिकेल."

तो शिकला, हाच सगळा घोटाळा.

फेब्रुवारीपासून दर रविवारी सकाळी जळगावहून फोटो यायला लागला. खाली एकच ओळ: 'सर, आपल्या कृपेने.' पहिल्या फोटोत फांदी अंगठ्याएवढी. मग बोटाएवढी. मग तिला बोटं. जूनमध्ये तिचा पंजा झाला. ऑगस्टमध्ये ती कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीएवढी रुंद झाली, आणि टोकं अशी जांभळी की फोन हातात धरलेल्या सरांच्या चेहऱ्यावर उजेड पडावा.

मी एका रविवारी तिथेच होतो. सरांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला. आणखी मोठा केला. इतका मोठा की नुसते जांभळे ठिपके दिसायला लागले.

"कॅमेरा चांगला आहे त्याचा," ते म्हणाले.

त्यांनी फोन माझ्याकडे वळवला.

"आणि निळा दिवा लावून काढलाय. निळ्या दिव्यात काहीही जांभळं दिसतं. तुम्ही उभे राहा, तुम्हीही दिसाल."

आतून लताबाई म्हणाल्या, "वाढी राह्यना तं वाढू द्या ना. तुमनाच शे ना तो?"

हेच तर दुखणं होतं. दुसऱ्याचं वाढलं असतं तर माणूस दोन वाईट शब्द बोलून मोकळा होतो. हे आपलंच, आपल्या हाताने कापून दिलेलं, आणि तिकडे जाऊन भाकरीएवढं झालेलं. आणि इकडे त्याची आई, टाकीच्या मधोमध, मार्चपासून एक सूतसुद्धा वाढलेली नाही. सर रोज सकाळी दाढी व्हायच्या आत काचेला प्लास्टिकची पट्टी लावून तिची उंची बघायचे. पट्टी टाकीच्या बाजूला खिळ्याला टांगलेली असायची. मे महिन्यात उंची होती साडेअकरा सेंटिमीटर. सप्टेंबरमध्येही साडेअकरा.

आता थोडं मॅग्नेशियमबद्दल सांगावं लागेल. मला हे सरांनीच सांगितलं, आणि मला कळलं म्हणजे कोणालाही कळेल.

प्रवाळाला हाडं बांधायला कॅल्शियम लागतं आणि दुसरा एक क्षार लागतो. हे दोघं पाण्यात शेजारी शेजारी फिरत असतात आणि त्यांना एकमेकांची फार ओढ. संधी मिळाली की दोघं लगेच एकत्र येतात आणि त्यांचा चुना होतो. चुना झाला की संपलं. तो हीटरवर, पंपावर, काचेवर जाऊन बसतो आणि प्रवाळाच्या हाती काही येत नाही. मॅग्नेशियम म्हणजे लग्नघरातली ती आत्या, जी मुलामुलीच्या बरोबर मधे येऊन बसते आणि पानसुपारी संपेपर्यंत उठत नाही. तिचं दुसरं काही काम नाही. पण ती बसलेली असली की दोघं आपापल्या जागी राहतात आणि प्रवाळाला हवं तसं एकेक मिळत जातं. पाण्यात ही आत्या साधारण तेराशे ते साडेतेराशे एवढ्या मापाची असावी लागते. प्रवाळ तीही थोडी थोडी खात असतं, म्हणून मोजून भर घालावी लागते. भर घातली नाही, माप खाली आलं, की लग्नं लागायला लागतात.

बैसाणे सरांच्या टाकीत रोज लग्नं लागत होती. हीटरवर पांढरी पापडी. पंपाच्या तोंडावर पापडी. कॅल्शियम टाकलं की पाणी घटकाभर ताकासारखं व्हायचं. सर आणखी कॅल्शियम टाकायचे, आणखी ताक व्हायचं. मी एकदा भीत भीत विचारलं, "सर, आत्या कमी नाही ना पडली?"

त्यांनी वही काढली. वही बघण्यासारखी आहे. मार्चपासूनचे रविवार एकाखाली एक, टपोऱ्या अक्षरात, आणि मॅग्नेशियमच्या रकान्यात १३००, १३००, १३१०, १३००.

"चौतीस वर्षं हेच केलंय," ते म्हणाले. म्हणजे विषय संपला.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात निवडुंग बुडापासून पांढरं पडायला लागलं. प्रवाळ पांढरं पडणं म्हणजे त्याचं कातडं जाऊन हाड उघडं पडणं. पहिल्या दिवशी नखाएवढं. चौथ्या दिवशी बोटभर. वर जांभळी टोकं अजून होती, पण ती खालून येणाऱ्या पांढऱ्याची वाट बघत असल्यासारखी. सरांनी पट्टी खिळ्याला टांगून ठेवली आणि मोजणं बंद केलं. त्या माणसाने मोजणं बंद केलं तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली.

लताबाई सरळ बोलल्या. "जळगावले फोन करा. मांगी ल्या एक तुकडा."

"मागायचं?"

"तुमीच तं सांगेल व्हतं, मांगाले लाज नही."

"ते द्यायच्या दिवशी सांगितलं होतं."

"मंग?"

"देणाऱ्याला लाज नसते गं. त्याला काय माहीत मागणाऱ्याचं."

आणि मग रविवार आला, फोटो आला. भाकरी आता काचेला टेकायला आली होती. 'सर, आपल्या कृपेने. मॅग्नेशियम १३५०. आपलं किती ठेवता?'

हा प्रश्न निर्मलकुमारांनी अगदी सरळ मनाने विचारला होता. पण सरांच्या डोक्यात त्या प्रश्नाने वेगळंच शिजायला लागलं. तेराशेपन्नास म्हणे. खताच्या दुकानात बसून तेराशेपन्नास. मोजतो कोण? ब्युरेट कधी हातात धरलीय? ज्याचं मोजमापच चुकीचं त्याचं प्रवाळ वाढतं म्हणजे पाण्यात दुसरंच काहीतरी असणार, दुकानातलं, टॉनिक वगैरे. सर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "उद्या जळगावला जातोय. एका जुन्या विद्यार्थ्याकडे काम आहे."

"कोणत्या?"

"आठवेल तिथे गेल्यावर."

सोमवारी सकाळच्या एसटीने निघाले. पिशवीत मॅग्नेशियम तपासायची स्वतःची पेटी आणि थर्मासमध्ये स्वतःच्या टाकीचं पाणी, तुलनेसाठी. पारोळ्याला बस थांबली तेव्हा शेजारच्या बाईने थर्मास बघून चहा आहे का विचारलं. सर म्हणाले, समुद्र आहे. बाई पुढच्या सीटवर जाऊन बसली. ही आणि यापुढची हकिगत मला दोघांकडून कळली, सरांकडून आणि निर्मलकुमारांकडून, आणि जिथे दोघांची सांगणी जुळत नाहीत तिथे मी निर्मलकुमारांवर विश्वास ठेवलाय.

दुकानात गर्दी होती. निर्मलकुमार गल्ल्यावरून उठून बाहेर आले, वाकून नमस्कार केला. "सर, कळवलं असतं तर बसस्टॅंडवर आलो असतो."

"इकडून चाललो होतो सहज," धुळ्याहून नव्वद किलोमीटर सहज आलेले सर म्हणाले.

वर गेले. टाकी बघितली. निर्मलकुमार सांगतात, सर टाकीसमोर उभे राहिले आणि नाक काचेला टेकेपर्यंत पुढे वाकले. फोटो खोटा नव्हता. उलट फोटोत कमीच दिसत होतं. अंगठ्याएवढी फांदी म्हणून त्यांच्या घरातून निघालेलं ते पोर आता ऐसपैस पसरलं होतं, आणि त्याच्या सावलीत दोन नारिंगी मासे संसार थाटून बसले होते.

"छान आहे," सर म्हणाले. मग पेटी काढली. "जरा पाणी तपासू."

ही पेटी सोपी असते. टाकीचं थोडं पाणी घ्यायचं, त्यात एक पूड टाकायची, आणि मग छोट्या सिरिंजमध्ये औषध भरून थेंब थेंब सोडायचं. रंग बदलला की थांबायचं. सिरिंजमध्ये किती उरलं ते बघायचं, सोबतच्या कागदावर त्याचा आकडा असतो. उरलं जितकं कमी, मॅग्नेशियम तितकं जास्त.

सरांनी सिरिंज भरली, थेंब सोडले. हात असा की निर्मलकुमार आजही त्या हाताचं वर्णन करतात. रंग फिरला, सर थांबले, सिरिंज डोळ्यासमोर धरली, एक डोळा मिटला.

"चौदाशे सत्तर," ते म्हणाले. आणि त्या एका वाक्यात आठ महिन्यांचे रविवार हलके झाले. "शेठ, तुमचं मॅग्नेशियम फार वर गेलंय. तेराशेपन्नास कोण म्हणालं तुम्हाला?"

"आमच्या सूनबाई मोजतात," निर्मलकुमार म्हणाले. "आयुषी."

आयुषी चहा घेऊन आली. पदवी घेतलेली, वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेली, माहेर धुळ्याचं. तिने चहा ठेवला आणि म्हणाली, "सर, ओळखलंत का मला?"

सरांनी चष्मा वर केला. चौतीस वर्षांतले चेहरे त्यांना आठवत नाहीत, पण फुटलेली काच आठवते. "पिपेट," ते म्हणाले. "खिडकीजवळच्या टेबलावर. पंचवीस मिलीची."

"ती माझ्या हातून नाही, मृणालीच्या हातून फुटली होती. नाव माझं लागलं."

अशा रीतीने सरांना जळगावात जुना विद्यार्थी खरोखरच भेटला.

आयुषीने सरांच्याच पेटीने त्याच पाण्याची तपासणी पुन्हा केली. आकडा आला तेराशेपन्नास.

"चुकतंय," सर म्हणाले.

"मग एकच सिरिंज आपण दोघं वाचू," ती म्हणाली.

तिसऱ्यांदा केलं. थेंब सरांनी सोडले. रंग फिरला. सरांनी वाचलं, चौदाशे सत्तर. मग आयुषीने तीच सिरिंज, हलवली नाही, काही नाही, हातात घेतली. तेराशेपन्नास.

आता भांडायला जागाच उरली नव्हती. औषध तेच, हात तोच, सिरिंज तीच. चुकणारी वस्तू एकच राहिली होती, डोळा.

"सर, तुम्ही कुठे बघताय?" तिने विचारलं.

"द्रवाच्या खालच्या वाकड्या भागाला. आणखी कुठे बघतात?"

"ही ब्युरेट नाहीये ना, सर. यात आत रबर आहे. रबराची कड वाचायची. कागदावर लिहिलंय."

सरांनी कागद कधी वाचलाच नव्हता. चौतीस वर्षं केलेल्या कामाचा कागद कोण वाचतं? सिरिंजमध्ये रबर आणि औषध यांच्या मधे हवेचा एक छोटासा थर राहतो, बाजरीच्या दाण्याएवढा. सरांना तो पहिल्या दिवसापासून दिसत होता. बनवणाऱ्याचं ढिसाळ काम म्हणून त्यांनी तो सोडून दिला होता. भरताना ते रबर वरच्या रेघेला लावायचे, कारण सिरिंज तेवढीच भरते. आणि शेवटी वाचायचे मात्र द्रव. सुरुवात एका जागेवरून, शेवट दुसऱ्या. त्या बाजरीच्या दाण्याने आकडा दर वेळी एकशेवीसने वाढत होता.

"पण सुरुवातीलाच द्रव रेघेच्या खाली दिसला असेल ना?" आयुषी म्हणाली. "तुम्हीच सांगायचात, आधी सुरुवातीचं वाचन लिहा."

सरांनी पेटीतला कागद उचलून पहिल्यांदा वाचला. चाळीस ब्युरेटी भरून ठेवणाऱ्या माणसाने सुरुवातीचं वाचन आयुष्यात कधी घेतलंच नव्हतं. ते मुलांनी घ्यायचं. भरणं त्यांचं होतं, आणि त्यांनी भरलं म्हणजे भरलेलं. मुलांना ते रोज सांगत, माझ्यावर विश्वास ठेवू नका. स्वतः मात्र ठेवत आले.

मग त्यांनी पिशवीतून थर्मास काढला आणि तिच्यापुढे ठेवला. "हेही बघ," म्हणाले.

आयुषीने तपासलं. रबराची कड, कागद, आकडा. तिने लगेच सांगितला नाही. सरांनीच विचारलं, "अकराशे ऐंशी?"

"हो सर."

मार्चपासून आत्या लग्नघरातून उठून गेलेली होती आणि सर वहीत तिची हजेरी लावत होते.

निर्मलकुमारांचा स्वभाव असा की गप्प बसवत नाही. "कपाशी लाल पडते, तसंच झालं हे," ते म्हणाले. "खाली पिशव्या आहेत मॅग्नेशियमच्या, देतो एक."

"दुकानातलं नाही, पप्पाजी," आयुषी म्हणाली. "त्यात काय काय असतं. सरांना मी आपलं शुद्ध देते." आणि सरांना म्हणाली, "रोज तीस-चाळीसच्या वर चढवू नका, सर. एकदम टाकलं तर जे उरलंय तेही जाईल." सरांनी मान हलवली. देवपुरातल्या दीड तासाच्या सूचना त्यांना आठवल्या असतील का, ते मी विचारलं नाही.

आता खरं काम उरलं होतं. ज्याच्यासाठी आलो नाही असं स्वतःला सांगत आले होते, ते. घरी निवडुंग बुडापासून चाललं होतं. मॅग्नेशियम चढेपर्यंत ते राहील की नाही, कोणी सांगावं. आणि समोर भाकरीएवढं तेच निवडुंग. मागायला लाज नाही, नाही म्हणायला परवानगी नाही. एका वाक्याचं अंतर होतं.

सर टाकीजवळ गेले. चहा गार झाला. मग म्हणाले, "शेठ, हा उजवा कोपरा काचेला लागतोय."

"हो सर."

"काचेला घासलं की टोक मरतं. छाटायला पाहिजे."

"छाटतो ना. छाटून टाकून देऊ?"

"टाकू नका."

"मग काय करू, सर?"

निर्मलकुमार मला शपथेवर सांगतात की त्यांना तोपर्यंत खरंच कळलं नव्हतं. आयुषी म्हणते, पप्पाजींना पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. ते काहीही असो, सर काचेकडे बघत म्हणाले, "माझं चाललंय, शेठ. बुडापासून पांढरं पडलंय. एक फांदी द्या."

निर्मलकुमारांनी बाह्या वर केल्या, हात पाण्यात घातला आणि काचेजवळची नाही, मधली, सगळ्यात जांभळी फांदी कापली. सर म्हणाले, अहो ती नको, ती शोभेची आहे. निर्मलकुमार म्हणाले, "सर, मला तुम्ही कोपऱ्यातली दिली होती का?"

दिली होती. अगदी कोपऱ्यातली दिली होती. हे सरांनी मला पुढे कबूल केलं, आणि त्या वेळी त्यांनी काय उत्तर दिलं असं विचारलं तर म्हणाले, "खोकलो."

येताना थर्मासमध्ये जळगावचं पाणी आणि त्यात फांदी. एसटीत थर्मास मांडीवर. एरंडोलला कंडक्टरने विचारलं, काका, इतकं सांभाळून काय नेताय? सर म्हणाले, "घरचंच आहे."

त्या संध्याकाळपासून रोज तीस, मोजून, रबराची कड बघून. वहीत नवीन रकाना आला: सुरुवातीचं वाचन. जुने १३०० त्यांनी खोडले नाहीत. प्रत्येकासमोर लाल शाईने खरा आकडा लिहिला, जसा ते मुलांच्या वहीत लिहायचे, आणि पानाखाली सही केली. पाचव्या दिवशी पाण्याचं ताक होणं थांबलं. दहाव्या दिवशी पांढरं वर सरकणं थांबलं. निवडुंगाच्या चार फांद्या वाचल्या. त्या कापून सरांनी नव्या दगडावर चिकटवल्या आणि शेजारच्या दगडावर जळगावची फांदी.

तुम्हाला वाटेल, आता सगळं गोड झालं. सरांनाही तसंच वाटलं होतं.

पण पट्टी खिळ्यावरून खाली आली होती. आणि डिसेंबरपर्यंत लक्षात आलं की शेजारी शेजारी, एकाच पाण्यात, एकाच उजेडात, जळगावची फांदी पुढे जातेय. देवपूरच्या फांद्या दोन मिलीमीटर, तर जळगावची पाच. सरांनी दगडांची जागा बदलली. जळगाव तिथेही पुढे. पंपाचा प्रवाह वळवला. जळगाव पुढे. ज्या दिवशी फरक जास्त असतो त्या दिवशी सर जेवताना बोलत नाहीत. लताबाई ओळखतात आणि विचारतात, "आज जळगाव कितलं पुढे शे?"

जानेवारीत एका रविवारी सरांनी स्वतः होऊन गटात फोटो टाकला. निळा दिवा लावून. दोन दगड, दोन निवडुंगं, दोन्ही जांभळी. खाली लिहिलं, 'शेठ, आपल्या कृपेने.' वर्षभर वाचलेली ओळ लिहायला किती बरं वाटतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

जळगावहून लगेच उत्तर आलं. 'सुंदर सर. यातलं आमचं कोणतं?'

आमचं. सरांनी फोन मला दाखवला. "बघितलंत? फांदी माझी, कापली मी, दिली मी. वर्षभर सांभाळली तर आमचं." अंघोळ झाली, जेवण झालं, तरी त्यांनी उत्तर दिलं नाही. चार वाजता दोनच शब्द लिहिले: 'ओळखा बघू.'

पुढच्या रविवारी जळगावहून फोटो आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. सर दोन्ही दिवस फोन उताणा ठेवून त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते.

आणि मागच्या गुरुवारी सकाळी, नळाला पाणी आलेलं, गल्ली बादल्यांनी भरलेली, त्यातून वाट काढत निर्मलकुमार बाफना बैसाणे सरांच्या दारात उभे राहिले. हातात पिशवी. पिशवीत मॅग्नेशियमच्या पेटीचा चौकोनी आकार दिसत होता.

"इकडून चाललो होतो सहज," ते म्हणाले.

सर दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून बाहेर आले. लताबाईंनी बादली खाली ठेवली, पदराला हात पुसले.

"या भाऊ, बसा," त्या म्हणाल्या. "चहा ठेवते. पट्टी तिथे खिळ्याला टांगलेली आहे."